म्हशीची चाल

नीला: सरबत पी, पंख्याखाली बस, पाहिजे तेवढ्या गप्पा मार. पण रविवारचं परत विचारू नको, कांताताई. सांगितलं ना, नाही जमणार.

कांता: सरबत प्यायला कोलशेतवरनं कल्याणला कोण येतं गो? मासळीची पाटी सासूच्या गळ्यात घालून आयली मी. रविवारी डोंबिवलीला मॅच हाय. संध्याकाळी मना सात पोरींची नावं कळवायचीत, आन् माझ्याकडं सहाच हायेत. सातवी इथं भावाच्या दुकानात बसून टीव्हीतली माणसं मारते.

नीला: टीव्ही नाही तो. व्हिडिओ गेम.

महिपत: आणि ती इथे बसते म्हणून मला दुपारी डबा उघडायला मिळतो. कांताताई, मशीनला टेकू नका. मागून गरम होतं ते.

कांता: महिपतदादा, तुम्ही भाऊ ना तिचे? तुम्हीच सांगा. अख्ख्या ठाण्यात अशी चढाई करणारी पोर नव्हती. गुडघा दुखावला, बरं. डाक्टर बोलला, आता खेळ. मग अडलंय कुठं?

महिपत: मी काय सांगणार. आई सांगून थकली. ही म्हणते दुकान आहे. दुकान माझं आहे आणि मी कधी म्हटलं नाही दुकान आहे.

नीला: दादा, तू जेव.

कांता: माझ्यावर राग हाय का? तुझ्या जागी सगुणाला चढाईला पाठवली म्हणून?

नीला: नाही गं. सगुणा मस्त खेळते.

कांता: मग?

नीला: कंटाळा आला. माणसाला कंटाळा येऊ शकतो की नाही?

कांता: तुना कबड्डीचा कंटाळा. आन् या डब्याचा नाय येत.

नीला: याचा नाही येत. तू खेळून बघ, तुलापण नाही येणार.

कांता: खेळते की. पण फुकटचं नाय. मी जिंकली, तर तू रविवारी यायचं.

नीला: तू? मशीनवर? माझ्यासमोर?

कांता: दात काय काढतेस?

नीला: अगं, इथे बिर्ला कॉलेजची पोरं येतात, तीपण माझ्यासमोर बसत नाहीत. पण चल. शाळा सुटून पोरं येईपर्यंत मशीन रिकामंच आहे. तोवर पाहिजे तेवढे गेम खेळ. त्यात एक राउंड, फक्त एक राउंड घे माझ्याकडून, मी रविवारी डोंबिवलीला येते.

कांता: शब्द?

नीला: शब्द. दादा साक्षीला आहे.

महिपत: मला साक्षीला धरू नका. हँडल हळू धरा, एवढंच म्हणणं आहे माझं. मागच्या आठवड्यात एकाने ते उपटून माझ्या हातात दिलं आणि वर म्हणतो, मामा, सैल होतं.

कांता: ही सगळी माणसं कोण? नावं काय लिवलीत?

नीला: जपानी आहे सगळं, कोणाला वाचता येतंय. पोरांनी ठेवली नावं. हा टकल्या. ही कंबरेवर हात ठेवून उभी आहे ती मावशी. हे बारीक, सारखं उड्या मारतंय ते चिलट. आणि ही कोपऱ्यातली म्हैस. टोपीला शिंगं आहेत ना, म्हणून. बाई आहे की बाप्या, ते अजून ठरायचंय.

कांता: तू कोण घेतेस?

नीला: चिलट.

महिपत: दुसऱ्या कोणाला हात लावत नाही ती. पोरं चिलट मागायला लागली की अशी बघते, जसं काय घर रिकामं करायला सांगितलं.

कांता: मग मी टकल्या. आमच्या यांच्यासारखा दिसतो, मारायची सवय हाय.

नीला: हे हँडल पुढे केलं की पुढे जातो, मागे केलं की मागे. हे बटण बुक्की, हे लाथ. हे दोन्ही एकदम दाबलेस की पकड, पण त्याला जवळ जावं लागतं. चल, सुरू. ये पुढे. ये ना. अरे वा, लागली मला. परत मार. अगं, कुठे चाललीस?

कांता: थांब जरा.

नीला: थांबू कशाला? मागे मागे कुठे गेलीस? हे घे. हे पण घे. गेला टकल्या. ताई, काय केलंस तू हे?

कांता: मारली ना तुना एक? मग घरी यायचं.

नीला: कुठल्या घरी?

कांता: माझ्या बाजूला. रेषेच्या आत.

नीला: इथे रेषा कुठे आहे?

कांता: मधे. दिसत नाय, पण असेल ना कुठंतरी.

महिपत: आणि तोंडाने काय पुटपुटत होतात?

कांता: कबड्डी कबड्डी. दम तुटला तर बाद ना.

नीला: दादा, ऐकलंस? दादा, मला पाणी दे. मी मरते आता. ही दम धरून खेळत होती. म्हणून तोंड लाल झालंय तिचं.

कांता: हस, हस. पोट दुखेपर्यंत हस. तू पहिल्यांदा मैदानात आयलीस तेव्हा तोंड उलटीकडं करून उभी होतीस, मी हसली होती का?

नीला: हसलीस. सगळ्या कोलशेतला सांगितलंस.

कांता: बरं मग, फिटलं. दुसरा राउंड लाव.

नीला: ऐक आधी. इथे रेषा नाही, दम नाही, घर नाही. एकदा पुढे आलीस की ती जागा तुझी. परत द्यायची नाही. तू मारून मागे जातेस, मी मागोमाग येते, आणि शेवटी तू भिंतीला लागतेस. मग पुढे मी, मागे भिंत.

कांता: पण मना एक सांग. हँडल मी तेवढंच दाबलं. पुढं गेला तेव्हा टकल्या भराभर गेला, मागं येताना रखडला. मशीन बिघडलंय तुमचं.

महिपत: मशीन बिघडलेलं नाही.

नीला: नाही ताई, ते बरोबर आहे. तू पहिल्या गेमला पकडलंस, पोरांना महिना लागतो. मागची चाल सगळ्यांचीच हळू असते. का सांगू? मागे हँडल धरलं की नुसतं मागे जात नाहीस, अंगपण झाकलं जातं. कोणी मारलं तर हातावर लागतं. पुढे चालताना अंग उघडं. मग पुढे वेग देतात. पाहिजे तर जोरात जा, पण उघडी जा. पाहिजे तर झाकून घे, पण मग रांगत जा.

कांता: हे ज्यानं कोणी बनवलं, तो कधी कबड्डी खेळला असेल.

नीला: जपानमध्ये?

कांता: असेल एखादा. मग तुझं चिलट एवढं कसं पळतं? मागं येतानापण पळतं.

नीला: तीच तर मजा आहे. चिलटाची मागची चाल टकल्याच्या पुढच्या चालीएवढी आहे. बघ, मी तुझ्या जवळ आले. तू बुक्की मार. मार ना. कुठे लागली?

कांता: हवेत गेली.

नीला: मी एक पाऊल मागे घेतलं. तुझा हात अजून बाहेर आहे, तो आत यायला वेळ लागतो. तेवढ्यात मी परत आत. ही लाथ. बस. हेच करायचं दिवसभर. आत जायचं, तिला मारायला लावायचं, बाहेर यायचं, परत आत. हात लांब नाहीत चिलटाचे, ताकद नाही, दोन मोठे फटके बसले की झोपतं. पण कोणाला सापडतच नाही ना.

कांता: तू असंच खेळायचीस.

नीला: काय?

कांता: काय नाय. चिलट मना दे. मी बघते.

नीला: घे. मी टकल्या घेते. दादा, तारीख नोंदव, मी चिलट सोडलं आज.

महिपत: बघतोय मी. घास तोंडातच राहिला माझा.

कांता: सुरू झायला? आगो बाय. आगो, थांब. हँडलला नुसतं बोट लावलं तर समोर जाऊन उभी राहिली ही. मी बुक्की दाबेपर्यंत हिचं नाक तुझ्या मुठीत. काय अवदसा हाय ही?

नीला: वेग आहे ना, सांभाळता यायला पाहिजे. कुठे थांबायचं ते ठाऊक नसेल तर चिलट आपणहून मार खायला जातं. आणि हँडल दोनदा झटकू नको. दोनदा झटकलं की ते झेप घेतं, आणि झेप मधे थांबवता येत नाही. उडीपण तशीच. कुठे उडायचं ते जमिनीवर असतानाच ठरतं. एकदा वर गेलीस की हँडल कितीही फिरव, ते ठरल्या जागीच पडणार.

कांता: नको मना हे. यापेक्षा ती म्हैस बरी.

महिपत: म्हैस कोणी घेत नाही हो. पोरांमध्ये शिक्षा आहे ती. हरला तो पुढचा गेम म्हशीवर.

कांता: मग मीच हरलेय ना सगळे? म्हैस द्या.

नीला: घे बाई. चिलट परत माझं. चल.

कांता: चाल गो, चाल. चालते का नाय ही? पुढं दाबलंय मी पूर्ण.

नीला: चालतेय. बघ नीट.

कांता: ही चालते म्हणायची? सासू बरी हिच्यापेक्षा. थांब, तू पळू नको. अशी कुठं जातेस? इकडं ये.

नीला: मी का येऊ? तू मागे लागलीस ना, लाग. बघ, तू चालतेस तोवर मी तीन लाथा मारून चहा पिऊन आले. गेली म्हैस.

कांता: हिला पकडायला जावं तर ही भलतीकडंच.

नीला: म्हणून सांगते, म्हशीने पाठलाग करायचा नाही. कधीच पोचणार नाहीस. म्हशीची चाल विसर. तिचे हात बघ, केवढे लांब आहेत. आणि पकड बघ. इकडे ये, मी उभी राहते, तू दोन्ही बटणं दाब. दाब.

कांता: आगो.

नीला: बघितलंस? उचललं आणि आपटलं. वरची जिवाची पट्टी बघ माझी, अर्ध्यावर आली. एका पकडीत.

कांता: पकडीत एवढं जातं?

नीला: म्हशीच्या पकडीत. दुसऱ्या कोणाच्या नाही. म्हैस चालत नाही, म्हणून तिला हे दिलंय.

कांता: मग आधी का नाय बोललीस? मी पकडीची बाय हाय. जन्म गेला माझा डाव्या कोपऱ्यात उभी राहून पोरींचे घोटे धरण्यात.

महिपत: नीला, तू पैज लावलीस आणि हिला सगळं शिकवतेसपण. डोकं ठिकाणावर आहे ना?

नीला: शिकवल्याशिवाय काय मजा दादा? ती नुसती मार खाणार आणि मी नुसती मारणार, त्यापेक्षा झाडू मारीन दुकानाला.

महिपत: झाडू मार असं मी सकाळपासून म्हणतोय.

कांता: लाव परत. आता मी जात नाय कुठं. मी मधे उभी. ये तू.

नीला: शहाणी झाली. मग मी अशी येते. डोक्यावरून. ही गेले मी तुझ्यामागे, ही लाथ पाठीत.

कांता: मागं कशी गेलीस?

नीला: उडून. तू तोंड फिरवेपर्यंत मी मारून परत पुढे. आता तुझं हँडलपण उलटं झालं. मी ज्या बाजूला, ती तुझी पुढची बाजू.

कांता: कोणती? मी आता कुठल्या अंगाला हाय? दादा, मी कुठली?

महिपत: जी आडवी पडली आहे ती तुम्ही.

कांता: हे नाय चालायचं. मैदानात डोक्यावरून कोण उडतं?

नीला: मशीनवर उडतात. म्हशीला वळायलापण वेळ लागतो, म्हणून तिला सगळे असंच मारतात. समोरून कोणी जातच नाही, समोर हात आहेत ना.

महिपत: कांताताई, हा राउंड शेवटून दुसरा समजा. शाळेची घंटा झाली मघाशी. आता पोरं येतील.

कांता: थांबा दादा. मना जरा बघू दे. नीला, तू माझ्या मागं जातेस, कारण मागं जागा हाय.

नीला: हो.

कांता: आन् मागं भिंत असली तर?

नीला: भिंतीला लागलीस तर वाट लागली. पहिल्याच गेमला झालं ना तुझं.

कांता: टकल्याची लागली. मी म्हशीचं विचारते. मागं भिंत असली तर तू उडून कुठं पडणार?

नीला: तुझ्यासमोर.

कांता: हातांच्या समोर.

नीला: हो. पण कोपऱ्यात कोणी आपणहून जात नाही, ताई. वेड्यासारखं काहीतरी.

कांता: मी तिथंच राहते गो, इतकी वर्षं. लाव.

(राउंड सुरू होतो. म्हैस एकही पाऊल पुढे न टाकता हळूहळू मागे जाते आणि भिंतीला पाठ लावून उभी राहते.)

महिपत: गेली कोपऱ्यात. खरंच गेली.

नीला: मी येते हं आता. आत, बाहेर. मार ना बुक्की. मारत का नाहीस?

कांता: तू येऊन जा. मना घाई नाय.

नीला: ही लाथ.

कांता: हातावर बसली. हँडल मागंच हाय माझं. मागं भिंत हाय, म्हणून हलत नाय, पण अंग झाकलेलं हाय. तूच बोललीस ना.

नीला: परत लाथ. परत.

कांता: थोडं थोडं जातंय माझं. जाऊ दे. म्हशीकडं लय हाय.

महिपत: दोन पोरं आली दारात. अरे, थांबा रे बाहेर. दप्तर पायरीवर ठेवा.

नीला: ताई, असं उभं राहून मॅच होत नसते.

कांता: होते. चढाईवालीला कंटाळा येतो. ती बघते, कोपरा हलत नाय, मग ती जास्त आत येते. तू आत्ता येणार.

नीला: नाही येणार.

कांता: येणार. तुझा उजवा खांदा वर झायला. उडायच्या आधी तुझा खांदा वर जातो, मैदानातपण जायचा.

नीला: अगं, पण मी उडले. अरे यार.

कांता: दोन्ही बटणं.

महिपत: उचललं. आपटलं. अर्धी पट्टी गेली चिलटाची.

नीला: थांब, थांब. मी बाहेर जाते आता. लांब राहते.

कांता: राहा. पोरं आयली हायेत दारात. तुना घाई हाय, मना नाय.

नीला: तुझी पट्टी माझ्यापेक्षा जास्त आहे आता. राउंडचं घड्याळ संपलं तर तू जिंकशील.

कांता: हो का? हे नव्हतं म्हायत. बरं झायलं बोललीस.

नीला: मग मला यावंच लागेल.

कांता: ये बाय.

नीला: मी येते, खाली बसून येते, उडत नाही. ही आले. ही लाथ. हातावर. बाहेर. परत आत.

कांता: एक पाऊल जास्त टाकलंस.

महिपत: धरलं. गेलं. गेलं चिलट. कांताताई, तुम्ही घेतलात राउंड. अरे पोरांनो, बघितलंत का? म्हैस जिंकली रे. म्हैस जिंकली. दुकान उघडल्यापासून पहिल्यांदा.

कांता: दादा, हँडल मोडलं नाय बघा माझ्याकडनं.

महिपत: मोडलं असतं तरी चाललं असतं आज.

कांता: नीला. शब्द.

नीला: येईन. शब्द दिलाय, येईन. बाकावर बसेन, पाणी देईन, ओरडेन. उतरणार नाही.

कांता: हे नव्हतं ठरलं.

नीला: डोंबिवलीला येते एवढंच ठरलेलं.

कांता: का गो? आता तरी सांग. कंटाळा बोलू नको. मशीनवर एवढी उड्या मारत शिकवत होतीस, तुना खेळाचा कंटाळा नाय.

नीला: मी स्लो झाले, ताई.

महिपत: कोण स्लो झालं?

नीला: मी. गुडघा दुखत नाही. दुखला असता तर सांगितलं असतं सरळ. पण पाय निघत नाही पहिल्यासारखा. डोकं सांगतं, नीघ, आणि पाय जरा वेळाने ऐकतो. रोज सकाळी मैदानावर पळून बघते. आज येईल, उद्या येईल. नाही येत.

महिपत: सकाळी तू दूध आणायला जातेस.

नीला: दूधपण आणते. आईने विहारातल्या सगळ्या बायकांना सांगून ठेवलंय, रविवारी डोंबिवलीला जायचं, आमची नीला बघायला. मी चढाईला जाणार आणि पहिल्याच पकडीत खाली. सगळ्यांसमोर. मला लाज वाटते, ताई. इथे बरं आहे. इथे चिलट घेतलं की मी पहिल्यासारखीच आहे.

कांता: मना म्हायत होतं.

नीला: काय माहीत होतं?

कांता: होळीनंतर एक दिवस प्रॅक्टिसला आयलीस. एक चढाई केलीस, बोललीस डोकं दुखतंय, आन् गेलीस. मी मागं उभी होती. तू चढाईला जायचीस तेव्हा तुझी पाठ दुसरं कोण बघायचं? मना पहिल्या पावलाला कळलं.

नीला: मग बोलली का नाहीस?

कांता: वाटलं, तू सांगशील. तू येऊन सांगायची तर तोंडच दाखवेनास. मना राग आयला. मग वाईट वाटलं. मग परत राग आयला, म्हणून आज आयली.

नीला: माहीत असून मला न्यायला आलीस? पैज लावून? हरायला नेतेस का मला?

कांता: चढाईला ये असं बोलली का मी? आल्यापासून एकदा तरी? मी बोलली, सातवी नाय. चढाईला सगुणा हाय. पण कलावतीचं लगीन झायलं, ती अलिबागला गेली. डाव्या कोपऱ्यात मी, आन् माझ्या शेजारी कोण नाय. ती जागा मोकळी हाय.

नीला: पकडीला? मी? मी जन्मात कोणाला पकडलं नाही. पळालेच नुसती.

कांता: म्हणून तर. चढाईवाली कुठं पाय टाकणार, कधी उगाच मागं सरणार, कधी खरंच येणार, हे पळणारीलाच कळतं. आत्ता सगळं तूच बोलत होतीस, मी नुसती बटणं दाबली.

महिपत: ते खरं आहे.

नीला: दादा, तू गप्प बस. ताई, पण पाय हळू आहे माझा. ती उजवीकडे वळली आणि मी नाही पोचले तर?

कांता: नको पोचू. मी पोचेन. ती माझ्याकडं आली आन् मी नाय पोचली, तर तू. दोघींनी हात धरून उभं राहायचं, साखळी करायची. एकीचा पाय अडला तर दुसरी ओढते. एकटीनं जायचं, एकटीनं परत यायचं, ते चढाईचं काम. ते तू लय केलंस, बाय. आता माझ्या शेजारी उभी राहा.

नीला: आणि सुटली हातून तर?

कांता: तर सुटली. एक पॉइंट जाईल. तुना काय वाटलं, कलावती सगळ्या धरायची? निम्म्या वेळा माझ्याच पायावर पडायची.

नीला: विहारातल्या बायकांना काय सांगू? मी चढाई करत नाही म्हणून?

महिपत: त्यांना कुठे काय कळतंय चढाई आणि पकड. आई तर अजून हुतूतू म्हणते. तू लाल जर्सीत दिसलीस की झालं त्यांचं.

नीला: हसवू नको मला. रडायला येतंय आणि हसायलापण येतंय. काय करू, ताई?

महिपत: रे पोरांनो, बाहेर थांबा म्हटलं ना. नाही, मशीन रिकामं नाही. दिसतंय रिकामं, पण नाही. जा, गोळ्या घेऊन या. आलोच मी.

कांता: प्रॅक्टिसला अजून तीन संध्याकाळी हायेत. तेवढ्यात उभं कसं राहायचं ते येईल. उठ. इथंच दाखवते. मशीनकडं पाठ कर. पाय एवढे लांब नको, जरा जवळ. गुडघा वाकव. दुखतोय?

नीला: नाही.

कांता: दुखला तर सांगायचं. लपवायचं नाय आता. दे हात.

नीला: हा घे.

कांता: उजवा नको, डावा दे. तू माझ्या उजव्या अंगाला उभी राहणार.